जुन्या गाडीत आफ्टरमार्केट रेडिएटर बसवताना

रेडिएटर बदलणं दिसायला सोपं काम आहे. चार बोल्ट, दोन जाड होज पाइप, खाली एक ड्रेनचा नट. गाडीच्या कंपनीचाच हुबेहूब रेडिएटर हाती आला तर काम खरंच तेवढ्यावर भागतं. पण पंचवीस-तीस वर्षं वयाच्या गाडीचा मूळ रेडिएटर सहसा मिळत नाही. मिळतो तो आफ्टरमार्केट, म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला, खोक्यावर ‘या मॉडेलला बसतो’ असं छापलेला. ‘बसतो’ या शब्दाचा खरा अर्थ तो गाडीच्या तोंडाशी धरून बघितल्यावर कळतो. होजचं तोंड दोन बोटं डावीकडे, बोल्टची भोकं अर्धा इंच वर, आणि जाडी एवढी की फॅनची पाती जाळीला टेकायला आलेली.

माझ्या हिशेबाने या कामातला निम्मा वेळ मोजमापात जातो आणि उरलेल्यातला बराचसा गाडीच्या पोटातली जुनी घाण काढण्यात. प्रत्यक्ष रेडिएटर बसवायला दीड-दोन तास पुष्कळ झाले. पहिल्यांदाच हात घालत असाल तर पूर्ण दिवस मोकळा ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे याच गाडीने निघायचंय असं काही ठरवून बसू नका.

दोष रेडिएटरचाच आहे का?

रेडिएटर बदलला तरी गाडी गरमच होते, हे इतक्यांदा घडतं की ‘आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला’ ही म्हण गॅरेजमध्येच जन्मली असावी असं वाटतं. म्हणून आधी नीट आठवा, काटा नेमका कधी चढतो?

गाडी उभी असताना किंवा मुंगीच्या पावलांनी चालताना काटा चढतो आणि वेग घेतला की उतरतो, तर संशय फॅनवर घ्या. बेल्ट सैल असेल, इलेक्ट्रिक फॅनची मोटर मेली असेल, फॅनचा क्लच दमला असेल, नाहीतर फॅनभोवतीचं आवरण कुणीतरी ‘नंतर लावू’ म्हणून काढून ठेवलेलं असेल. याउलट गर्दीत गाडी ठीक चालते आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात गरम होते, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा जाळी उष्णता सोडत नाही. इथे रेडिएटर खरा आरोपी असू शकतो. पण खालचा होज पंपाच्या ओढीने चपटा होत असेल तरी लक्षण हेच दिसतं. इंजिन रेस करून त्या होजकडे बघा, दोन मिनिटांत उलगडा होतो.

पाणी रोज कमी होतंय पण जमिनीवर थेंब नाही, इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबतच नाहीत, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, किंवा ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची, तपासणी आधी. गॅस्केट उडालेल्या इंजिनाला कितीही मोठा रेडिएटर पुरत नाही.

रेडिएटर आतून चोंदलाय का हे ओळखायची एक साधी पद्धत आहे. इंजिन पूर्ण गरम करा, बंद करा आणि इंफ्रारेड थर्मामीटर जाळीवरून फिरवा. पाणी जिथून आत येतं तिथून बाहेर जातं तिथपर्यंत तापमान हळूहळू उतरत गेलं तर ठीक. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर त्या नळ्या बंद आहेत. थर्मामीटर नसेल तर गार इंजिनाचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. नळ्यांच्या तोंडाशी पांढरे किंवा तांबूस खडे साचलेले दिसतील. बाहेरून जाळीच्या पात्या बोटाने चुरगळून पडत असतील तर मग वेगळी तपासणी कशाला?

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, तोही याच वेळी काढून बघा. त्याच्या आत मेण असतं. ते वितळून फुगतं आणि व्हॉल्व्ह ढकलतं. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो ८२ किंवा ८८ अंश सेल्सिअसला उघडायला लागतो आणि आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. पातेल्यात पाणी तापवून, दोरीने लटकवून, उघडतो का ते बघा. जुना असेल तर रेडिएटरबरोबर नवाच घाला. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. ऐकू नका. इंजिन मग बराच वेळ थंडच चालतं, झिजतं आणि पेट्रोल जास्त पितं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा मार्ग बंद करतो. तो नसला की गरम पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरत राहतं.

कुठला घ्यायचा

१९८० च्या दशकापर्यंत पितळी नळ्या आणि तांब्याच्या पात्या शिशाच्या डागाने झाळलेले रेडिएटर सर्रास असत. आज आफ्टरमार्केटमध्ये दिसतात ते दोन प्रकार: अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या, किंवा पूर्ण अॅल्युमिनियमचा वेल्ड केलेला. ‘तांबं उष्णता जास्त वाहून नेतं, मग अॅल्युमिनियम कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. धातू म्हणून तांबं खरंच पुढे आहे, जवळजवळ पावणेदोन पट. पण तांब्याच्या रेडिएटरमध्ये नळी पितळेची असते आणि नळी-पातीच्या सांध्यात शिसं असतं. हे दोन्ही उष्णतेच्या बाबतीत तांब्याच्या बरेच मागे आहेत. शिवाय पितळी नळी साधारण अर्धा इंच रुंद असते, अॅल्युमिनियमची मजबूत असल्याने एक इंच किंवा त्याहून रुंद करता येते. म्हणजे पात्यांशी नळीचा संपर्क जास्त.

म्हणूनच ‘रो’, म्हणजे जाळीच्या जाडीत एकामागे एक असलेल्या नळ्यांच्या रांगा, मोजून रेडिएटर घेऊ नका. एक इंची नळ्यांचा दोन रोचा अॅल्युमिनियम रेडिएटर जुन्या चार रोच्या पितळी रेडिएटरची बरोबरी सहज करतो. जाहिरातीत ‘चार रो’ मोठ्या अक्षरात असेल तर आधी नळीची रुंदी विचारा. आणि जाड तेवढा चांगला असंही नाही. जाळी फार जाड झाली की मागच्या भागाला पोहोचणारी हवा पुढेच तापलेली असते, आणि जुना फॅन तिला ओढताना धापा टाकतो.

तुमचा जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल आणि गाडी मूळ रूपात ठेवायची हौस असेल तर आणखी एक मार्ग आहे. जुन्या टाक्या आणि कडेच्या पट्ट्या तशाच ठेवून फक्त मधली जाळी नवी झाळून घ्यायची. चांगला झाळणारा कारागीर हाताशी असेल तर मी स्वतः हाच मार्ग धरतो, कारण मोजमापाची सगळी कटकट वाचते. तो नसेल तर पुढे वाचा.

मोजमाप

जुना रेडिएटर गाडीत असतानाच मापं घ्या, आणि काढल्यावर पुन्हा घ्या. फक्त जाळीची लांबी-रुंदी पुरत नाही. टाक्यांसकट पूर्ण उंची आणि रुंदी, जाळीची जाडी, टाकीची जाडी (ती बहुधा जाळीपेक्षा जास्त असते), दोन्ही होजच्या तोंडांचा बाहेरचा व्यास, ती तोंडं कुठल्या बाजूला आणि किती कोनात आहेत, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, ड्रेन कुठे आहे, हे सगळं कागदावर चित्र काढून लिहा. होजचा व्यास व्हर्नियरने मोजा. ३२ आणि ३५ मिलीमीटरमधला फरक डोळ्याला दिसत नाही, पण क्लिप कितीही आवळली तरी मोठा होज लहान तोंडावर सुरकुत्या पडून गळतोच.

पाणी वरून खाली वाहतं की आडवं, तेही बघा. टाक्या वर-खाली असतील तर पहिला प्रकार, डावी-उजवीकडे असतील तर दुसरा. प्रकार बदलता येतो, पण मग होजची वळणं नव्याने जमवावी लागतात, आणि झाकण सगळ्यात उंच जागी येतं की नाही तेही तपासावं लागतं. झाकणापेक्षा इंजिनाचा एखादा भाग उंच राहिला तर हवा तिथेच अडकून बसणार.

मग येतात विसरायला सोप्या गोष्टी. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीच्या आतून गेलेली असते. नव्यात ती आहे का आणि तिचे आटे जुन्या पाइपशी जुळतात का, हे विचारा. नसेल तर ऑइल कूलर वेगळा बसवावा लागेल. इलेक्ट्रिक फॅनचा स्विच रेडिएटरमध्येच बसत असेल तर त्याचेही आटे बघा. अनेक गाड्यांत ते २२ मिलीमीटरचे असतात, पण सगळ्यांत नाही. शेवटचं माप फॅनपासून जाळीपर्यंतच्या मोकळ्या जागेचं. नवा रेडिएटर जितका जास्त जाड, तितकी ही जागा कमी होणार, हा हिशेब खरेदीआधीच मांडा.

झाकणावरचा आकडा

या एका मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच पाहिलं आहे. रेडिएटरचं झाकण हे नुसतं बूच नाही, तो प्रेशरचा व्हॉल्व्ह आहे. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, ७ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) झाकणाखाली साधारण १११ ला, १५ च्या झाकणाखाली साधारण १२१ ला. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर १५ पीएसआयला हाच आकडा १२९ च्या आसपास जातो.

नव्या रेडिएटरबरोबर अनेकदा १५-१६ पीएसआयचं झाकण येतं, आणि वरचे आकडे वाचले की ते लावायचा मोह होतो. पण दाब फक्त रेडिएटरवर पडत नाही. तो होजवर, पंपाच्या सीलवर, हीटरच्या छोट्या रेडिएटरवर, सगळीकडे सारखाच पडतो. जुन्या गाडीची सगळी व्यवस्था ४ किंवा ७ पीएसआयला बनवलेली असू शकते. माझ्या पहिल्या जुन्या गाडीत मी हाच शहाणपणा केला होता. रेडिएटर नवा, झाकण नवं, काटा अगदी जागेवर. तिसऱ्या दिवशी हीटरचा झाळलेला सांधा फुटला आणि उकळतं कूलंट थेट शेजारच्या सीटच्या पायाशी. सुदैवाने सीट रिकामी होती.

तेव्हा झाकण गाडीच्या मूळ आकड्याचंच लावा. नव्या रेडिएटरला जास्त दाब झेपतो, ही त्याची ताकद आहे, तुमच्यावरची सक्ती नव्हे. फक्त झाकणाची खोली नव्या तोंडाशी जुळायला हवी. झाकणाची खालची रबरी चकती आतल्या बैठकीवर दाबून बसली पाहिजे. ती अधांतरी राहिली तर आकडा कितीही छापलेला असो, दाब शून्य.

जुना काढणे

इंजिन पूर्ण गार असू द्या. पूर्ण गार म्हणजे वरचा होज हाताने निवांत दाबता येईल इतकं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो आणि आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो आणि बोटांची गय करत नाही.

खाली रुंद तसराळं ठेवून ड्रेन उघडा, मग झाकण उघडा. निघालेलं पाणी मोजून ठेवा, हा आकडा पुढे लागणार आहे. कूलंटमधलं ग्लायकोल चवीला गोड आणि भयंकर विषारी असतं. कुत्र्या-मांजरांनी ते चाटलं तर मूत्रपिंडं निकामी होतात. त्यामुळे तसराळं उघडं टाकून जाऊ नका आणि गटारातही ओतू नका. झाकणबंद डब्यात भरा आणि वापरलेलं ऑइल जिथे घेतात तिथे द्या.

होज वर्षानुवर्षं बसून चिकटलेले असतात. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्यापेक्षा ब्लेडने लांबीत चिरून सोलून काढा. होज तर नवेच घालायचे आहेत. ऑटोमॅटिकच्या ऑइलचे पाइप सोडताना दोन पाने हवेत, एक टाकीवरचं फिटिंग धरायला आणि दुसरा नट फिरवायला. एकाच पान्याने जोर लावला तर पाइप पिळवटतो. सुटलेल्या पाइपांची तोंडं लगेच बुचांनी बंद करा.

गाडीला एसी असेल तर रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर असतो. त्याचे गॅसचे पाइप अजिबात सोडायचे नाहीत. बोल्ट काढून कंडेन्सर पुढच्या बाजूला दोरीने टांगून ठेवा. काढलेले बोल्ट, रबर आणि कंस कुठून निघाले त्याचे फोटो काढत चला.

आतली धुलाई

इंजिनात तीस वर्षांचा गंज असेल आणि नवा रेडिएटर तसाच जोडला, तर पहिल्याच आठवड्यात तो गंज नव्या बारीक नळ्यांत जाऊन बसेल. तेव्हा रेडिएटर बाहेर असतानाच इंजिन धुवा. थर्मोस्टॅट काढा, ब्लॉकवर ड्रेनचा बोल्ट असेल तर उघडा. तो बहुधा गंजून बसलेला असतो, आधी गंज सोडवणारं तेल मारून थोडं थांबा. बोल्ट निघाला आणि पाणी आलंच नाही तर मागे गाळ साचलाय असं समजा. तारेने हळूच टोकरा. मग थर्मोस्टॅटच्या जागेतून बागेचा पाइप लावा आणि खालच्या होजच्या तोंडातून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. नंतर उलट दिशेने. पहिल्यांदा जे बाहेर येतं ते बघून धक्का बसतो.

हीटरचा रेडिएटर वेगळा, दोन्ही नळ्या सोडून, अगदी कमी दाबाने धुवा. जुना झाळकामाचा असेल तर नळाचा पूर्ण जोरही त्याला सोसत नाही.

नवा रेडिएटरसुद्धा आतून खळबळून घ्या. वेल्डिंगचे कण आणि अॅल्युमिनियमचा भुसा निघतो. शक्य असेल तर त्याच वेळी तोंडं बंद करून, हलका दाब देऊन पाण्यात बुडवा. गळका माल दुकानात परत करायचा तर तो गाडीत बसवण्याआधी केलेला बरा.

जागेवर बसवणे

जाळीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा चिकटवा. पान्याचा एक धक्का आणि पाच-पन्नास पात्या आडव्या. मग रेडिएटर आधी कोरडाच जागेवर धरा, एकही होज न जोडता. बोल्टची भोकं जुळत नसतील तर रेडिएटर ओढून-ताणून जुळवू नका. कंस बदला किंवा भोक लांबट करा. अॅल्युमिनियमची टाकी कायमच्या ताणात राहिली की वेल्डला तडा जातो.

गाडीची चासी चालताना किंचित पिळते, ती हालचाल रेडिएटरपर्यंत पोहोचता कामा नये. म्हणून खाली जाड रबर आणि वर रबराचे वॉशर हवेतच. वजन खालच्या रबरांनी पेलायचं, वरच्या कंसाने फक्त धरून ठेवायचं. जुनी रबरं दगड झालेली असतात, ती बदलून टाका. झाकण बॉनेटला लागतं का हे बघायला झाकणावर मातीचा गोळा ठेवा, बॉनेट हळूच लावा, उघडा, आणि गोळा किती चेपला ते बघा.

फॅनचं अंतर इथे पुन्हा तपासा. इंजिनावर बसलेला फॅन असेल तर पातं आणि जाळी यांत किमान २० ते २५ मिलीमीटर हवेत. उभ्या गाडीत पुरेसं दिसणारं अंतर जोरात ब्रेक लावल्यावर उरत नाही, कारण इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर पुढे झुकतं. माउंटिंग म्हातारी असतील तर आणखीच. अंतर भरत नसेल तर पातळ इलेक्ट्रिक फॅन हा उपाय आहे. त्याला स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्या, डॅशबोर्डच्या जुन्या स्विचवरून थेट करंट घेऊ नका. फॅन स्वतःच्या कंसावर बसवा. जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून बांधायची पद्धत आहे, पण त्या घासून घासून नळीला भोक पाडतात. तारा उलट्या जोडल्या की फॅन उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या हवेशी भांडतो. इंजिनाच्या बाजूला बसवलेला फॅन चालू करून गाडीच्या पुढून जाळीवर कागद धरा. तो चिकटला पाहिजे.

फॅनचा स्विच थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा वरच्या तापमानाला चालू-बंद होणारा हवा. ८८ चा थर्मोस्टॅट आणि ८२ ला बंद होणारा स्विच अशी जोडी जमली तर फॅनला थांबायची संधीच मिळत नाही.

फॅनचं आवरण, म्हणजे श्राउड, टाळू नका. त्याच्याशिवाय फॅन फक्त स्वतःपुरत्या गोलातून हवा ओढतो, जाळीचे चारही कोपरे कोरडेच राहतात. पात्याची साधारण निम्मी खोली आवरणाच्या आत, निम्मी बाहेर, असं बसवा. नवा रेडिएटर जुन्यापेक्षा अरुंद असेल तर बाजूच्या फटी फोमने किंवा रबराच्या पट्टीने बुजवा. हवेला वळसा घालून जायला जागा मिळाली तर ती जाळीतून कशाला जाईल?

आता होज. तोंडावर साबणाचं पाणी लावून सरकवा, ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. तोंडाला जो उंचवटा असतो त्याच्या पलीकडे क्लिप बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. खालच्या होजच्या आत मूळची स्प्रिंग असेल तर ती नव्यातही हवी. अॅल्युमिनियमच्या टाकीत ड्रेनचा नट आणि सेन्सर हाताने आटे पकडवून मगच पान्याने हलके आवळा. आटे गेले की टाकीच गेली.

अर्थिंग तपासा

अॅल्युमिनियमच्या रेडिएटरचा छुपा शत्रू म्हणजे भटका करंट. इंजिनाची अर्थची पट्टी गंजली असेल तर वीज परतीचा रस्ता कूलंटमधून शोधते आणि रेडिएटर आतून खात जाते. नवाकोरा रेडिएटर काही महिन्यांत सुईने टोचल्यासारखा गळायला लागला तर कारण बहुधा हेच. कूलंट भरल्यावर मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि दुसरं कूलंटमध्ये बुडवा. धातूला टेकू देऊ नका. सगळं बंद ठेवून वाचा, मग दिवे आणि फॅन लावून वाचा, मग दुसऱ्या कुणाला स्टार्टर मारायला सांगून वाचा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत. ०.३ च्या वर गेला तर इंजिन ते चासी आणि चासी ते बॅटरी अशा दोन्ही पट्ट्या नव्या घाला. नव्या फॅनची किंवा हॉर्नची अर्थ रेडिएटरच्या बोल्टला कधीही देऊ नका.

कूलंट भरणे

रंग बघून कूलंट घेऊ नका. रंगाचं कुठलंही प्रमाण नाही, प्रत्येक कंपनी आपापला रंग घालते. डब्यावर प्रकार लिहिलेला असतो तो वाचा. गाडीत जुना झाळकामाचा हीटर अजून असेल तर पारंपरिक सिलिकेटवालं, अॅल्युमिनियमला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं कूलंट मी पसंत करतो आणि दर दोन वर्षांनी बदलतो. दोन प्रकार एकत्र करू नका. काही जोड्यांचा चिकट गाळ होतो.

कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं. नळाच्या पाण्यातले क्षार नळ्यांत साचतात. नुसतं कूलंट ओतलं तर जास्त चांगलं, असंही नाही. शुद्ध ग्लायकोल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं, आणि गंमत म्हणजे ते उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं, तर निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. धुलाईनंतर ब्लॉकमध्ये बरंच साधं पाणी राहिलेलं असतं. म्हणून आधी व्यवस्थेच्या एकूण मापाच्या निम्मं शुद्ध कूलंट ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा.

भरताना गाडीचं नाक थोडं उंच करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हवेचा स्क्रू असेल तर उघडा. नव्या थर्मोस्टॅटला छोटं भोक किंवा हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला आली पाहिजे, हवा तिथूनच निसटते. सावकाश ओता, मध्येमध्ये होज दाबा. मग झाकण न लावता इंजिन सुरू करा आणि आयडलवर राहू द्या. सुरुवातीला पातळी खाली-वर होईल, बुडबुडे येतील. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि रेडिएटरचा दुसरा टोकाचा होजही गरम लागायला लागतो. तेव्हा पुन्हा भरा, बुडबुडे थांबले की झाकण लावा. एकूण किती गेलं ते सुरुवातीला मोजलेल्या आकड्याशी ताडून बघा. नव्या रेडिएटरमध्ये थोडं जास्त मावेल, पण लिटर-दीड लिटर कमी गेलं असेल तर हवा कुठेतरी दडून बसली आहे. हीटरमधून गार हवा येत असेल तर ती तिथेच आहे.

बाजूला जादा पाण्याची बाटली नसलेल्या जुन्या रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ भरायचं नसतं. बोटभर जागा मोकळी ठेवा. पाणी तापून फुगतं आणि जादाचं बाहेर टाकलं जातं. लोक त्याला गळती समजतात आणि रोज पुन्हा काठोकाठ भरतात. बाटली नव्याने लावणार असाल तर झाकणही वरच्या कडेला रबरी सील असलेलं हवं आणि बाटलीतल्या नळीचं टोक पाण्यात बुडालेलं हवं, नाहीतर गार होताना रेडिएटर पाण्याऐवजी हवा ओढतो.

पहिली फेरी

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा लांब जाऊ नका, आणि नजर काट्यावर असू द्या. परत आल्यावर टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बघा. गाडी रात्रभर पूर्ण गार होऊ द्या, सकाळी पातळी बघून भरा, आणि क्लिपा पुन्हा एकदा आवळा. रबर एकदा तापून बसलं की त्या थोड्या सैल होतात. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळीही बघा.

‘एवढं सगळं करून काटा पूर्वीच्याच जागी’ अशी तक्रार कधी कधी ऐकू येते. तो तिथेच असायला हवा. इंजिन कमीत कमी किती गरम राहणार हे थर्मोस्टॅट ठरवतो. रेडिएटरने फक्त चढाला, पूर्ण भरलेल्या गाडीत, एसी चालू असताना काटा तिथून हलू द्यायचा नाही. तेव्हा खरी परीक्षा एखाद्या लांब चढावर घ्या, पण पहिले शंभरेक किलोमीटर बिनतक्रार गेल्यावर.

जुना रेडिएटर लगेच भंगारात देऊ नका. एखादा कंस किंवा ड्रेनचा नट नव्यात कमी पडतो, आणि ते लक्षात येतं दोन आठवड्यांनी.